हिरवी वाइन आणि बायकोशी पहिली ओळख

...नाही नाही, वाइनला नावं ठेवू नका, तिचा काडीचाही दोष नाही, वाइन उत्तम होती, गार होती, कोवळी होती, जिभेवर जराशी चुरचुरत होती, आणि तिच्याबरोबर टूथपिकला टोचून दिलेला तळलेल्या माशाचा तुकडासुद्धा उत्तम होता. दोष सगळा या तुमच्यासमोर उभ्या असलेल्या नंदकिशोर देवस्थळीचा. कारण ती वाइन चाखायला देणाऱ्या बाईंना मी कमरेत वाकून म्हणालो, "हाजिमेमाश्ते." ज्यांना जपानी येत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हाजिमेमाश्ते म्हणजे, आपण प्रथमच भेटतोय, ओळख झाली, आनंद वाटला. आणि त्या बाई कोण? सुचित्रा. माझी बायको. लग्नाला आठ वर्षं झालेली. स्वतःच्या बायकोला, तुम्हाला सांगतो, हाजिमेमाश्ते.

हसताय? हसा. मला त्या दिवसापासून आजपर्यंत हसू आलेलं नाही, पण तुम्ही हसा.

साल दोन हजार सहा. आम्ही राहायला टोकियोजवळच्या ग्योतोकुला, माझं ऑफिस तोयोसुला, आणि आमच्या ग्योतोकुच्या स्टेशनवर तेव्हा सकाळी निम्मी लाइन मराठीत बोलायची, इतके आपले लोक. सुचित्रा माझ्या व्हिसाच्या मागे आली. आता ती काही नुसती अशीतशी नव्हे हं, मायक्रोबायोलॉजीवाली, सांगलीला लोणच्याच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होती, आणि नाक असं, की बरणीचं झाकण निघाल्या निघाल्या सांगायची, या लॉटला मेथी करपलीय. असं नाक घेऊन ती ग्योतोकुच्या दोन खोल्यांत बसली, आणि वास कसले घ्यायचे तर माझ्या मोज्यांचे. पहिलं वर्ष तिने कचऱ्याचे वार पाठ करण्यात घालवलं, जळणारा कुठला, न जळणारा कुठला, बाटल्या कधी, आणि ते शिकवायला येणाऱ्या खालच्या मजल्यावरच्या आजींकडून ती जपानी शिकली. मी क्लास लावून शिकलो, परीक्षा दिली, सर्टिफिकेट आहे माझ्याकडे. ती कचऱ्यावरून शिकली. आणि दुसऱ्या वर्षी आजींबरोबर ती तासन्‌तास गप्पा मारत होती आणि मी मीटिंगमध्ये "हाय, हाय", म्हणजे हो, हो, करत होतो. हे लक्षात ठेवू नका, पण सांगून ठेवतो.

तर तिने रीतसर परवानगी काढली आणि आमच्याच भागातल्या एका सुपरमार्केटमध्ये बाइतो धरला. बाइतो म्हणजे अर्धवेळ काम. आधी भाज्यांवर होती, मग एक दिवस वाइनच्या फळीपाशी उभी राहून तिने मॅनेजरला सांगितलं, या बाटलीवर लिंबाचा वास लिहिलाय पण हा कच्च्या सफरचंदाचा आहे. मॅनेजरने बाटली उघडली, वास घेतला, आणि पुढच्या आठवड्यात तिला दारूच्या विभागात टाकलं. घरी येऊन केवढ्या आनंदाने तिने मला सांगितलं. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "हे सांगलीला कळवू नकोस."

कारण काय, तर आमच्या तिथल्या मराठी मंडळात मी सांगून बसलो होतो की सुचित्रा बालवाडीत इंग्रजी शिकवते. आईला फोनवर तेच. ऑफिसात आमचे कचो, म्हणजे सेक्शनचे प्रमुख, निशिमुरा-सान, फार सज्जन माणूस, त्यांनी एकदा विचारलं, "देबासुतारी-सान, तुमच्या मिसेस काय करतात?" देवस्थळीचं जपानीत देबासुतारी होतं, त्याला इलाज नाही. मी म्हणालो, "त्या घरीच असतात. लाजाळू आहेत. जपानी येत नाही." तुम्हाला वाटेल, मी सोवळा असेन. अहो, मी दर शुक्रवारी ऑफिसच्या लोकांबरोबर बिअर पिऊन येत होतो. मी प्यायलो तर ते करिअर, आणि तिने विकली तर...

जाऊ दे. तो दिवस सांगतो.

जूनमधला शनिवार. उरायासुला एका क्लायंटकडे सर्व्हर हलवायचं काम होतं, मी आणि निशिमुरा-सान दोघंच गेलो, दुपारी दीडपर्यंत काम संपलं, सगळं सुरळीत, निशिमुरा-सान खूश, म्हणाले, चला, घरी काहीतरी गार घेऊन जातो, आणि समोरच्या सुपरमार्केटमध्ये शिरले. मी मागून. मला काय कल्पना? म्हणजे कल्पना असायला हवी होती. सकाळी सुचित्रा म्हणाली होती, "आज मला उरायासुच्या शाखेत पाठवलंय, टेस्टिंगचा स्टॉल आहे माझा, पहिलाच." पण मी तेव्हा ईमेल वाचत होतो. "हं" म्हणालो होतो. माझ्या संसाराचा निम्मा भाग त्या "हं"वर चाललाय.

दारूच्या विभागाच्या तोंडाशी छोटं टेबल, त्यावर बर्फाच्या बादलीत बाटल्या, बाजूला ताटलीत मासे, काकडी, आणि मागे हिरवा एप्रन आणि डोक्याला हिरवा रुमाल बांधून सुचित्रा. तिने मला पाहिलं. चेहरा असा उजळला, तुम्हाला सांगतो, आठ वर्षांत मी तो तसा फार वेळा पाहिला नव्हता. तिला वाटलं मी मुद्दाम आलोय. पहिला स्टॉल बघायला. साहेबांना घेऊन.

निशिमुरा-सान थांबले. ती टेबलाच्या बाहेर आली, दोघांच्या हातात इवलेसे पेले दिले, आणि सुरू झाली, "ही पोर्तुगालची आहे, उत्तरेकडची, तिकडे पाऊस खूप. विन्यो वेर्दे. वेर्दे म्हणजे हिरवी, पण रंगाने नाही, वयाने. ही मुरवत ठेवायची नाही, त्याच वर्षी प्यायची." निशिमुरा-सानांनी घोट घेतला. म्हणाले, "हा वास कशाचा?" आता सुचित्राला म्हणायचं होतं कैरी, मला दिसत होतं तिच्या ओठांवर कैरी आली होती, पण जपानी माणसाला कैरी काय सांगणार, तर ती म्हणाली, "हिरव्या उमेचा. लोणचं घालायच्या आदल्या दिवशीचा." उमे म्हणजे त्यांचं ते आंबट फळ, त्याचं ते लोणचं घालतात. आणि निशिमुरा-सान हसले. मोठ्याने. म्हणाले, "माझ्या आईच्या स्वयंपाकघरात जून महिन्यात हाच वास यायचा." तीन वर्षं मी त्या माणसाच्या समोरच्या टेबलावर बसतोय, मला त्यांची आई होती हेसुद्धा माहीत नव्हतं.

मग त्यांनी तिच्या छातीवरचा बिल्ला वाचला. "देबासुतारी... अरे, यांचंही नाव देबासुतारी. तुम्हीही भारतातल्या?"

ती माझ्याकडे बघून हसत होती. पुढचं वाक्य माझं होतं. सोपं होतं. 'ही माझी बायको.' पहिल्या धड्यातलं वाक्य आहे ते. आणि माझ्या डोळ्यांसमोर काय आलं, लाजाळू आहेत, घरी असतात, जपानी येत नाही... आणि तो एप्रन, आणि तो रुमाल... आणि मी वाकलो आणि म्हणालो, "हाजिमेमाश्ते." आणि निशिमुरा-सानांकडे वळून म्हणालो, "पुण्याकडे देवस्थळी फार असतात. तुमच्याकडे सुझुकी असतात तसे."

अहो, पुण्यात देवस्थळी शोधायला निघालात तर चप्पल झिजेल.

सुचित्राने काय केलं? काही नाही. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातली ती गेली. तीही वाकून मला म्हणाली, "हाजिमेमाश्ते." आणि ताटली पुढे करून म्हणाली, "तळणाबरोबर घ्या, आंबटपणा तेल कापतो." मी खाल्लं. उत्तम होतं. निशिमुरा-सानांनी दोन बाटल्या घेतल्या. स्वतःच्या बायकोला, तुम्हाला सांगतो.

संध्याकाळी मी घरी तिची वाट बघत बसलो. भात लावला, कधी नव्हे ते. ती आली, पर्स ठेवली, हात धुतले, पानं घेतली. मी म्हणालो, "अगं, गडबडीत निघून गेलं तोंडातून." ती म्हणाली, "गडबडीत माणसाच्या तोंडून मराठी निघतं, नंदू. तू व्याकरणशुद्ध जपानी बोललास."

संपलं. भांडण नाही, रडणं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासमोर चहा आला आणि मागून अत्यंत नम्र जपानीत आवाज आला, "देवस्थळी-सान, साखर किती घेणार?" मला वाटलं एक दिवस चालेल. आठवडा झाला. "देवस्थळी-सान, टॉवेल इथे ठेवलाय, कृपया वापरावा." आमची ज्ञानदा तेव्हा सहा वर्षांची, आम्ही मराठीत बोलायचो, ती जपानीत उत्तर द्यायची, तिने एकदा आईकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि विचारलं, "पापा ओक्याकुसान?" ओक्याकुसान म्हणजे पाहुणा, गिऱ्हाईक. सुचित्रा म्हणाली, "हो बाळा. ओक्याकुसान." आणि त्या पोरीने मला वाकून नमस्कार केला. तुम्हाला बायकोचा टोमणा सहन होईल, पण सहा वर्षांची मुलगी वाकून नमस्कार करते तेव्हा... मी डबा न घेता ऑफिसला गेलो त्या दिवशी.

ऑफिसात तरी सुख? तिचा स्टॉल आता दर शनिवारी उरायासुला लागायचा, आणि निशिमुरा-सान दर सोमवारी, "देबासुतारी-सान, ती हिरवी वाइन संपली, परवा पुन्हा गेलो होतो, त्या बाई म्हणाल्या, वाफवलेल्या शिंपल्यांबरोबर घ्या. घेतली. माझी बायको म्हणाली, अशी जोडी आयुष्यात खाल्ली नाही." पुढच्या सोमवारी, "त्या म्हणाल्या, तिखट रश्श्याबरोबर नको, बिचारी दबून जाते." मी आपला हाय, हाय. माझ्या बायकोने परवा काय सांगितलं हे मला साहेबांकडून कळत होतं, कारण घरी माझ्याशी फक्त साखर आणि टॉवेल.

सांगून टाकायचं ना? रोज ठरवायचो. तीन महिने रोज. आणि उशीर झाला की गोष्ट आणखी अवघड होते, एका दिवसानंतर सांगितलं असतं तर विनोद झाला असता, महिन्यानंतर तो गुन्हा वाटायला लागला.

आणि सप्टेंबरमध्ये निशिमुरा-सान म्हणाले, "या वर्षी सेक्शनची पार्टी दुपारी करू, सगळ्यांच्या घरच्यांना बोलावू. तोयोसुचा हॉल घेऊ. आणि त्या वाइनवाल्या बाईंना बोलवा, त्या सगळ्यांना चाखायला देतील. व्यवस्था तुम्ही बघा, देबासुतारी-सान. तुम्हीही भारतीय आहात, बोलायला सोपं पडेल."

सोपं.

फोन मी ऑफिसातूनच केला, कारण निशिमुरा-सान समोर उभे राहून म्हणाले, आत्ताच करा. मॅनेजरने उचलला. मी नाव सांगितलं. "देबासुतारी-सान? आमच्याकडेही एक आहेत." मी म्हणालो, "हो, सुझुकीसारखं आहे ते." फोन तिच्याकडे गेला. तिने तो आदराचा जपानी सूर लावला, "नमस्कार, आपल्या कृपेने आमचं बरं चाललंय." मी आवाज बारीक करून म्हटलं, "सुचित्रा, मी आहे." ती जपानीतच, "किती मंडळी असतील?" मी म्हटलं, "अगं, मी..." ती, "हॉलमध्ये शेगडीची सोय आहे का? कढई मी आणीन." निशिमुरा-सान समोर उभे, मान डोलावतायत. मी जपानीत म्हणालो, "चाळीस माणसं. शेगडी आहे. आपण येण्याची कृपा करावी." मग म्हणाली, "सगळ्यांच्या घरचे येणार आहेत ना? मग तुमच्या मिसेसही येतील." मी म्हणालो, "येतील." खोटं नव्हतं ते.

पार्टीच्या दिवशी आम्ही दोघं वेगवेगळ्या ट्रेनने गेलो. ती ज्ञानदाला आणि कढईला घेऊन आधी. मी पोचलो तेव्हा टेबल मांडलेलं होतं, बर्फ, बाटल्या, लसणात वाफवलेले शिंपले, मिठातली काकडी, आणि कोथिंबीर वडी. आमच्या बाल्कनीतल्या चार कुंड्यांतली झाडून सगळी कोथिंबीर कापून तिने वड्या केल्या होत्या, मिरची कमी घालून, आणि तिथे उभी राहून तळत होती. एप्रन तोच. रुमाल तोच. ज्ञानदा एका कोपऱ्यात इतर मुलांबरोबर कागदाचं काहीतरी करत होती आणि मी गेल्यावर तिने मान वर करून बघितलंसुद्धा नाही. गिऱ्हाईकच मी.

निशिमुरा-सानांनी माइक माझ्या हातात दिला. "ओळख करून द्या."

चाळीस माणसं. ती कढईत झारा फिरवत होती, माझ्याकडे बघत नव्हती. मी बघितलं तर तिच्या मनगटावर तेल उडून लाल डाग पडला होता. आता तुम्हाला वाटेल, त्या डागामुळे मला हिंमत आली. नाही हो. मला वाटतं माझ्यातली खोटं बोलायची ताकद संपली, एवढंच. तीन महिने फार होतात. मी माइक तोंडाशी नेला आणि म्हणालो, "या... या ओकुसान आहेत."

आता इथे एक भानगड आहे. जपानीत स्वतःच्या बायकोला एक शब्द, दुसऱ्याच्या बायकोला दुसरा. ओकुसान म्हणजे दुसऱ्याची. परीक्षेला आला होता तो प्रश्न, बरोबर लिहिला होता मी. आणि चाळीस लोकांपुढे मी जाहीर काय केलं, तर या कुणाच्या तरी पत्नी आहेत.

जपानी माणूस गोंधळला की फार नम्र होतो. निशिमुरा-सानांनी थोडं पुढे वाकून, अगदी हळुवार विचारलं, "कुणाच्या?"

मी म्हणालो, "माझ्या."

झाऱ्याचा आवाज थांबला. मी म्हणालो, "जूनमध्ये दुकानात मी यांना ओळखत नाही असं दाखवलं. त्या माझ्या पत्नी आहेत. त्या लाजाळू नाहीत. त्यांना जपानी येतं. मी लाजाळू आहे, आणि मला येत नाही." आणि वाकलो. निशिमुरा-सानांकडे नाही, तिच्याकडे. किती वेळ वाकलेला होतो माहीत नाही, मला फक्त माझे मोजे दिसत होते.

कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. सुचित्रा आली, तिने माझ्या हातातून माइक घेतला, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "वड्या गरम आहेत तोवर घ्या. वाइन फार वेळ हातात धरू नका, कोमट झाली की तिची मजा जाते." आणि चाळीस माणसं हलली, रांग लागली, आणि पुढचा दीड तास मी पेले पुसत होतो.

पेले पुसताना निशिमुरा-सान शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, "मला माहीत होतं." मी म्हणालो, "बिल्ल्यावरून?" ते म्हणाले, "नाही. सुझुकी मी मान्य केलं होतं. पण त्या दिवशी त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांनी आधी तुमची कॉलर सरळ केली, मग वाइन दिली. आमच्याकडे सुपरमार्केटमध्ये इतकी सेवा नसते."

कॉलर. मला कळलंही नव्हतं, तुम्हाला सांगतो. तिने माझी कॉलर सरळ केली, आणि त्याच मिनिटाला मी तिला हाजिमेमाश्ते म्हणालो.

मी म्हणालो, "म्हणून तुम्ही तिला आज बोलावलंत? मला संधी द्यायला?" ते जरा विचारात पडले. म्हणाले, "नाही. वाइन चांगली होती."

परत येताना आम्ही एकाच ट्रेनने आलो. ज्ञानदा झोपलेली, कढई माझ्या मांडीवर. मिनामी-ग्योतोकु स्टेशनच्या अलीकडे सुचित्रा म्हणाली, मराठीत म्हणाली, तीन महिन्यांनी, "मला एवढंच सांग, तुला लाज कशाची वाटली? वाइनची की एप्रनची?"

मी म्हणालो, "एप्रनची." ती म्हणाली, "बरं." आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

तेही खरं नव्हतं. आता तुमच्यापाशी बोलतोय म्हणून बोलतो, तिच्यापाशी बोलायला मला आणखी एक महिना लागला. ना वाइनची, ना एप्रनची. ती त्या माणसाला एका वाक्यात हसवू शकली, त्याची आई त्याच्यासमोर उभी करू शकली, आणि मी सर्टिफिकेट घेऊन बाजूला पेला धरून उभा होतो. त्याची लाज. शेवटी जेव्हा तिला सांगितलं तेव्हा ती लसूण सोलत होती. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग तेव्हाच सांगायचंस ना, शिकवलं असतं." आणि दुसऱ्या दिवशी चहात साखर न विचारता होती.

आता ती त्या दुकानाच्या तिन्ही शाखांचा वाइनचा भाग बघते. सांगलीला कळवलंय. तिच्या बाबांनी फोनवर फक्त विचारलं, बटाटेवड्याबरोबर कुठली? माझ्या आईला मी स्वतः सांगितलं. ती म्हणाली, उभं राहून काम आहे, निदान गुडघे जपायला सांग.

आणि माझं काय? परवा ऑफिसात नवा क्लायंट आला होता. मी सूटबूट घालून उभा, कार्ड दोन्ही हातांत धरून. निशिमुरा-सान ओळख करून द्यायला पुढे झाले. मोठ्या अभिमानाने म्हणाले, "हे आमच्या सुचित्रा-सानांचे मिस्टर." क्लायंट एकदम वाकला, "अरे, वाइनवाल्या सुचित्रा-सान? फार आनंद झाला." मग निशिमुरा-सानांना वाटलं, माणसाबद्दल काहीतरी सांगायला हवं. म्हणाले, "हे थोडंफार प्रोग्रामिंगही करतात."

मी म्हणालो, "हाय."